घरात मराठी बोलायचं न्हाय

माझं माहेर सुप्याच्या वरल्या अंगाला. तिकडं सगळं जिरायत, माळच माळ, पेरलेलं आधी हरणं खाणार आन् त्येंच्यातनं राहिलं तर आमी. पाणी न्हाय, त्यामुळं टँकरची वाट बघत बाया हंडं मांडून बसायच्या, आन् बसलं की बोलणं, दुसरं करायचं काय. माझी आय म्हणायची, आपल्या गावात पाणी कमी आन् तोंडं जास्त. तशीच मी. कन्हेरीला दिली, हितं येऊन बघते तर पाटाचं पाणी, हिरवंगार रान, तरकारीची शेती, आन् घरात सासू, सासरं आन् ह्ये, तिघंबी माझ्यापेक्षा बोलकं. काय सांगू तुमाला, पहिला म्हैनाभर मला तोंड उघडायला जागा मिळाली न्हाय.

आमचं मुख्य पीक मेथी. बाजारात माल सकाळी पोचला पायजे, म्हणून सांजच्याला उपटायची, ढीग आणून पत्र्याच्या शेडात टाकायचा आन् सगळ्यांनी भवतीनं बसून जुड्या बांधायच्या. मूठभर घ्यायची, मुळं एकसारखी करायची, माती झटकायची, केळीच्या सोपटानं बंद मारायचा की झाली जुडी. ह्या कामाला हात लागत्यात, तोंड लागत न्हाय. मग तोंड काय करणार, बोलणार. आमच्या घरात जे काय बोलणं झालं ते सगळं त्या ढिगाभवती झालेलं हाय, मी यायच्या आदी नणंदेचं लगीन तिथं ठरलं, भावकीची भांडणं तिथं मिटली, आन् मला दिवस गेल्यालं मी सासूबाईंच्या कानात तिथंच सांगितलं, तर त्येंनी ते लगीच सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. आसं घर.

तनू माझी एकुलती एक. तिला पाळण्यात कमी आन् त्या ढिगापशी जास्त ठेवली आसंल. बोलाया लागली ती थांबलीच न्हाय. आबा म्हंजी माझं सासरं, ते तिला हुमान घालायचं, हुमान म्हंजी कोडं हो, आन् तिनं सोडवायचं. मग तीबी उलटं घालायची. तिचं हुमान कसं, तर लांबलचक, त्यात राजा यायचा, म्हैस यायची, बाजार यायचा, आन् उत्तर काय तर मेथी. दर वक्ताला मेथीच. आबा मुद्दाम कपाळाला हात लावून बसायचं, म्हणायचं, काय बया आवघड घातलंस, मला न्हाय बा येत, हारलो. मग ही जुडी उचलून त्येंच्या नाकापुढं नाचवायची, मेथी, आबा, मेथी! आन् आम्ही सगळी हासायचो. रोजचं हाय म्हणून हासू कमी झालं, आसं कधी झालं न्हाय.

सासूबाई आजारी पडल्या तवा पुण्याला न्यावं लागलं. तिथं डॉक्टर लोक खाटंभवती उभं राहायचं, आपापसात इंग्रजीत बोलायचं, आन् आबा ह्याच्या तोंडाकडनं त्याच्या तोंडाकडं बघायचं. एक दिवस त्यातला एकजण कशावरनं तरी हासला. आबांना वाटलं, हासतोय म्हंजी बरी हाय. बरी हाय म्हणून बिनघोर खाली च्या प्यायला गेलं. वर आलं तर सगळं संपलं होतं. त्येंचं म्हणणं येवढंच, त्येंचं बोलणं कळलं आसतं तर मी च्याला गेलो नसतो, तिचा हात धरून बसलो आसतो. दहाव्याच्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणलं, आपल्या घरात एक तरी माणूस आसा पायजे, ज्याला त्येंचं बोलणं कळंल. आन् तनूच्या डोक्यावर हात ठेवला.

तनू तवा गावच्या मराठी साळंत जात होती. हुशार होती, गुरुजी म्हणायचं, वहिनी, ही पोरगी वकील व्हणार, आमाला बोलूच देत न्हाय. पण आबांनी आन् ह्यांनी ठरवलं, बारामतीच्या इंग्रजी साळंत घालायची. साळंचं नाव नगा लिहू. मी म्हणलं, आवो चौथीला आली पोरगी, आता कुठं मधनंच? तर तिथली मोठी मॅडम म्हणली, काळजी करू नका, आशा मुलांसाठी आमच्याकडं फाउंडेशन हाय. फाउंडेशन म्हंजी ज्येंना इंग्रजीचा ग सुद्धा येत न्हाय, त्येंची निराळी तुकडी. वर्षभर बाकी कायबी न्हाय, सकाळपास्नं दुपारपर्यंत नुसती इंग्रजी, चित्रं दाखवून, गाणी म्हणून, आन् मग वर्षानं त्येंला आपल्या आपल्या वर्गात बसवायचं. आयकायला चांगलं वाटलं. मला वाटलं, रोप तयार करत्यात तसं हाय, आधी वाफ्यात आन् मग रानात.

पहिल्याच म्हैन्यात आमाला बोलावलं. मोठी मॅडम पुढं उभी, बाजूला फाउंडेशनच्या मिस. मिस म्हंजी पोरगीच हो, इंदापूरकडची, रोज यष्टीनं यायची. मोठी मॅडम म्हणली, साळंत आम्ही कितीबी शिकवलं तरी घरी गेल्यावर तुमी मराठी बोलता आन् सगळं पाण्यात जातं. तवा आजपास्नं घरात मुलाशी मराठी बोलायचं न्हाय, फक्त इंग्रजी बोला. येक वर्ष कळ काढा. आम्ही सगळ्यांनी माना हालवल्या. आता आमच्याकडं इंग्रजी न्हाय आसं न्हाय बरं का, मोटर हाय, डीपी हाय, ड्रिप हाय, स्प्रे हाय, ट्रॅक्टर हाय, पण त्या सगळ्याचं मिळून लेकराशी बोलायचं एक वाक्य व्हत न्हाय.

घरी आलो, ह्यांनी आबांना सांगितलं. आबा म्हणलं, ठीक हाय. औषध म्हणल्यावर पथ्य आलंच. डॉक्टरनं तिखट बंद म्हणलं की आपण बंद करतो का न्हाय? तसं हे. येक वर्ष लेकराशी बोलायचं न्हाय. आन् काय सांगू तुमाला, त्या दिवसापास्नं आमच्या घरातनं बोलणं गेलं.

कम, गो, ईट, गुड, येवढं आमाला येत होतं, ते आमी बोलायचो. बाकी सगळं हातानं. लांबनं मोटर बंद कर म्हणून हात करत्यात ना शेतात, तसं. जेवली का म्हणून हात तोंडाकडं न्यायचा. झोप म्हणून गाल हातावर ठेवायचा. आमी दोघं नवराबायकोबी तिच्यापुढं बोलायचो न्हाय, कानावर पडंल म्हणून. सांजच्याला ढिगाभवती बसायचो तर नुसता मेथी झटकल्याचा आवाज. शेजारची बाई एकदा कुंपणापलीकडनं बघून गेली आन् दुसऱ्या दिवशी पाण्यावर मला इचारती, काय गं, घरात कुणाचं वाईट झालं का?

पहिलं आठ-पंधरा दिस तनू लई धडपडली. आबांच्या मांडीवर चढायची, त्येंचं तोंड दोन्ही हातात धरायची आन् म्हणायची, आबा हुमान घाला की. आबा मान हालवायचं. ती रडायची. आबा उठून गोठ्यात जायचं. मी एकदा मागनं गेले तर ते गायीच्या मानंला हात घालून तिच्याशी बोलत होतं, आज लेकरू लई दमलंय गं, बसमधनं उतरली तर डोळं मिटत होतं, तिला इचारायचं होतं डब्यातली भाजी आवडली का. गाय आपली रवंथ करत्या. मी तशीच माघारी फिरले. मला मेलीला इतका राग आला, कुणाचा आला ते कळंना, मी सगळी भांडी पुन्यांदा घासली.

बस यायची त्या फाट्यावर आबाच तिला आणायला जायचं. आदी कसं, फाट्यापास्नं घरापर्यंत दोघांचा नुसता कालवा, आमाला रानात कळायचं, आली तनू. आता दोघं यायची, हात हातात, आन् घराच्या दारात आल्यावर कळायचं. आबांइतकं पथ्य कुणीच पाळलं न्हाय. माझ्या तोंडनं चुकून जायचं, आगं पडशील, आगं जेव की. त्येंच्या तोंडनं एकदाबी न्हाय.

मग एक दिस मी म्हणलं, मरू दे तुमची फाउंडेशन. मेथीच्या वाफ्यात तिला जवळ घेतली, आजूबाजूला कुणी न्हाय, म्हणलं, बोल गं माझी बाय, हितं कुणाला कळतंय, काय झालं साळंत सांग. तर पोरीनं आपलं बोट ओठावर ठेवलं. माझ्या ओठावर ठेवलं. म्हणली, नो मराठी. घरात मराठी न बोलणाऱ्याला तिथं रोज एक चांदणी मिळायची, चिकटवायची. तनू खोटं बोलणारी न्हाय, ती बोलली आसती तर तिनं मिसला जाऊन सांगितलं आसतं आन् तिची चांदणी गेली आसती. डोळं आसं भरलेलं, पण बोट हालंना. मी मुकाट्यानं उपटायला लागले. तिथनं पुढं ती आमाला इशारं करायला शिकली, आमच्यापेक्षा चांगलं.

साळंत काय चाललंय म्हणाल तर ती तिथंबी बोलत नव्हती, हे आमाला मागनं कळलं. चित्र दाखवलं की म्हणायची, काऊ, ट्री, सन. पाठ केलेली वाक्यं म्हणायची. माय नेम इज तनुजा. आय लिव्ह इन कन्हेरी. आय लव्ह माय फॅमिली. गाणं म्हणल्यागत. आपलं मनचं कायतरी सांगायचं म्हणलं की गप. बिचाऱ्या मिस तरी काय करतील, वर्गात लहान-मोठी पोरं, कुणी पहिलीचं, कुणी पाचवीचं, घसा बसायचा त्येंचा. आमी समजायचो, शिकती हाय. बिनबोलता शिकती हाय. आबा तर तिला पाठ म्हणताना आयकून डोळं मिटून मान डोलवायचं.

आन् मग आबाच पडलं. छातीत पाणी झालं म्हणलं. बारामतीतच दवाखान्यात ठेवलं. माणसं चांगली होती तिथली, माझी कुणाबद्दल तक्रार न्हाय. तिसऱ्या का चौथ्या दिवशी रविवार होता, तनूला नेलं भेटायला. आबांच्या नाकाला नळी. त्येवढ्यात दोन डॉक्टर आलं, कागद बघितलं आन् एकमेकांशी इंग्रजीत बोलाया लागलं. आबांचं डोळं उघडलं. त्येंनी एकदा डॉक्टरांकडं बघितलं आन् मग तनूकडं. हात वर करून तिला जवळ बोलावलं. आन् बोललं हो. पथ्य धरल्यापास्नं पहिल्यांदा लेकराशी मराठीत बोललं. म्हणलं, बाळ, काय म्हणत्यात ती? सांग मला.

मी तनूकडं बघितलं. पोरगी पांढरीफटक पडली. डॉक्टरांकडं बघती, आबांकडं बघती, ओठ हालत्यात, आवाज न्हाय. आबा वाट बघत्यात. तिला काय वाटलं आसंल ते माझं मलाच म्हाईत. मग तिनं हात बाजूला सरळ धरलं, साळंत उभं राहत्यात तसं, आन् म्हणली, माय नेम इज तनुजा. आय लिव्ह इन कन्हेरी. आय लव्ह माय फॅमिली.

डॉक्टर वळून बघाया लागलं. एकजण म्हणला, व्हेरी गुड. आन् आबा हासलं. नळीसकट हासलं. त्येंना वाटलं, पोरगी डॉक्टरांशी बोलली आन् डॉक्टरांनी तिला उत्तर दिलं. ह्यांना म्हणलं, बघितलंस? कळलं तिला. मग माझ्याकडं बघून म्हणलं, आता काय काळजी न्हाय, बरंच आसंल, वाईट आसतं तर पोरगी रडली आसती. दोन दिसांनी आबा गेलं. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन मराठीत सगळं नीट सांगितलं होतं, की टिकायचं न्हाईत. आबांना ते आम्ही सांगितलं न्हाय. कोण सांगणार.

दहाव्याला कावळा लवकर शिवंना. लोक म्हणलं, पोरीत जीव आडकलाय, तिला म्हणू द्या, आबा, काळजी करू नगा. तनूला पुढं उभी केली. भावकी सगळी उभी, घाटावर ऊन. म्हण बाळ, म्हण. पोरगी पिंडाकडं बघत उभी. मग तिनं माझ्याकडं वळून मान हालवली, न्हाय म्हणून, आन् बोट ओठावर ठेवलं. तिथं माझा धीर सुटला. मी गळा काढला, हंबरडाच फोडला. माझ्या रडण्याला लोकांना वाटलं, सासऱ्यावर लई माया. व्हती ती व्हतीच. पण मी त्या बोटासाठी रडले.

त्यानंतरचं सांगते. बाजारात बसले होते जुड्या घेऊन, तर समोर मिस. दोन जुड्या मागितल्या आन् मग मला वळखलं. आबांचं कळलं म्हणल्या, वाईट झालं. आन् म्हणल्या, तनूच्या आई, एक इचारू का, ती घरीबी इतकी गप आसती का? मी म्हणलं, मिस, आमी सगळंच गप आसतो, तुमी सांगितल्यापास्नं. त्येंना कळंना. मी सगळं सांगितलं, इशारं, गोठा, चांदणी, दवाखाना. मिसच्या हातातली जुडी खाली पडली. म्हणल्या, आवो, बोलूच नका आसं कुठं म्हणलं होतं कुणी? इंग्रजीत बोला म्हणलं होतं. मी म्हणलं, आन् आमच्याकडं इंग्रजी कुठं हाय, बाई?

त्या तिथंच माझ्या शेजारी पोत्यावर बसल्या. गिऱ्हाईकं उभी, आन् ही पोरगी रडत्या. म्हणल्या, मीबी मराठी साळंतलीच हाय, इंदापूरची, माझ्या आईनं मला रोज मराठीत गोष्टी सांगितल्या म्हणून मला पुढं इंग्रजी आली. मला त्या दिवशी मीटिंगमध्ये ते पटलं नव्हतं, पण मी नवीन होते, मोठ्या मॅडमपुढं कशी बोलणार. मी म्हणलं, म्हंजी तुमीबी गपच व्हता. मी त्येंच्या पिशवीत चार जुड्या टाकल्या. राग येऊन करायचं काय, तिचं वय काय माझं वय काय. जूनपास्नं त्या साळंत न्हाईत, काढलं का त्या गेल्या म्हाईत न्हाय. ती तुकडीबी बंद केली, परवडत न्हाय म्हणलं.

आता तनू पाचवीत. आपल्या वर्गात, मागच्या बाकावर. बाई काय शिकवत्यात ते तिला कळत न्हाय आन् कळत न्हाय हे सांगता येत न्हाय. मधी एकदा मी तिला गावच्या साळंत घिऊन गेले, गुरुजी म्हणलं आणा की, आपलीच साळा हाय. तर पोरं गोळा झाली, इंग्रजी मॅडम आली, बोल की इंग्रजी, आशी चिडवायला लागली. गुरुजींनी धडा वाचायला दिला, वाचला तिनं, पण इतका हळू, की गुरुजीच म्हणलं, राहू दे बाळ. तिथनं घरापर्यंत ती माझ्या पुढं पुढं चालत आली, वळून बघितलं न्हाय. आन् ह्ये म्हणत्यात, आता पुन्यांदा वर्ष फुकट घालवायचं न्हाय, हाय तिथंच राहू द्या. त्याल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. डॉक्टरला दाखवलं, कान चांगलं, घसा चांगला. मग बोलत का न्हाय? तर म्हणला, बोलंल, तिच्याशी बोलत राहा.

पथ्य तर आमी आबांच्या दहाव्यापास्नंच सोडलं. पण काय सांगू, आता तोंड उघडत न्हाय. वर्षभर दाबून धरलेलं बोलणं, सोडलं म्हणून लगीच येतं व्हय? ह्ये जेवताना हातच करत्यात, भाकरी दे म्हणून. मीच आपली ढिगापशी बसून एकटी बोलत आसती, कायबी, टँकरचं, माझ्या आयचं, हरणांचं. तनू बसती शेजारी. जुड्या चांगल्या बांधती, माझ्यापेक्षा बारीक बंद मारती. व्हय-न्हाय मानंनं.

परवा मी म्हणलं, आज हिला हुमान घालायचं. तिचंच जुनं, राजा, म्हैस, बाजार, सगळं घालून लांबलचक केलं, आबा करायचं तसं कपाळाला हात लावून बसले. म्हणलं, सांग बरं, काय ते? ह्येंनी सुद्धा हात थांबवलं. तनूच्या हातात जुडी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, जुडीकडं बघितलं. मला वाटलं, आता नाचवती माझ्या नाकापुढं. तर पोरीनं जुडी ढिगावर ठेवली, हात बाजूला सरळ धरलं आन् म्हणली, आय डोन्ट नो.

तेवढी इंग्रजी आता मलाबी कळती.

उठा आता, अंधार पडला, तुमची यष्टी जाईल. ही मेथी घिऊन जावा, ताजी हाय, न्हाय म्हणू नगा. घरी लेकरं आसतील, त्येंना म्हणावं, कन्हेरीच्या बाईनं दिली. आन् निवडायला सगळी मिळून बसा, बोलत बोलत निवडा. देव तुमच्या घरातला कालवा तसाच ठेवो.